प्रभूची मूठ

बुऱ्हाणपूर, ६ ऑगस्ट १९५६

पाळकसाहेबांस कोकिळेचा प्रभूमध्ये सलाम.

तुमचं कार्ड पोचलं. अकोल्याच्या मंडळीनं स्टेशनावर हार घालून उतरवून घेतलं, जेवायला आग्रह केला, खोली हवेशीर आहे, सगळं वाचलं. बरं वाटलं. कार्डाच्या कडेला बोटभर जागा कोरी होती. तिथं ‘आई कशी आहे’ एवढं मावलं असतं.

नाही विचारलंत तरी सांगते. तुमच्या आई तशाच आहेत. होळीला पडल्या तेव्हापासून डावं अंग उचलत नाही ते नाहीच. तुम्ही निघताना त्यांच्या डोक्यावर हात ठेवून एवढी लांब प्रार्थना केलीत, पण त्यांना वाटलं, पोरगा बाजारात चाललाय. दिवे लागले तशा विचारायला लागल्या, “मना भिका उना का?” मी म्हटलं, आई, भिका आता पाळक प्रकाश झालाय, अकोल्याच्या मंडळीनं बोलावलं म्हणून तिकडे गेलाय. म्हणाल्या, “ते ऱ्हाऊ दे. भिका कुठी हाय?”

रोज हेच चाललंय. फाटक वाजलं की विचारतात. कुत्रं जरी आत आलं तरी विचारतात.

सरकार राज्यांची वाटणी नोव्हेंबरात करणार, पण आपल्या मिशननं ती आत्ताच करून टाकली. मराठी काम तिकडे वऱ्हाडात, हिंदी काम इकडे. मराठी पाळक गेले, त्यांच्या पाठोपाठ मराठी मंडळी गेली. राहिलं कोण? एक सासू, एक सून. आणि सासू गाडीत बसू शकत नाही म्हणून सूनही नाही. घर मिळालं की दोघींना नेतो म्हणालात, ते ध्यानात ठेवा म्हणजे झालं.

एक विचारायचं आहे. मुठीच्या डब्याचं काय करू? चूल पेटवायच्या आधी पहिली मूठ प्रभूची, हा आपल्या घरचा नेम. तुम्ही खिळ्यानं क्रूस कोरलेला तो तेलाचा डबा अजून चुलीशेजारीच आहे आणि रोज ज्वारीची मूठ त्यात पडते. पूर्वी रविवारी सगळ्या बाया आपापले डबे उपासनेला आणायच्या, धान्य एकत्र व्हायचं आणि गरजवंताकडे जायचं. आता उपासनेला मी आणि चिमण्या. डबा कुणाला देऊ ते लिहा.

तुमची,
कोकिळा

बुऱ्हाणपूर, २७ ऑगस्ट

पाळकसाहेबांस सलाम.

उत्तर मिळालं. ‘प्रभूचा वाटा प्रभूचाच. त्याला हात लावू नये. कापणीच्या सणाला मी येईन तेव्हा अर्पण करू.’ बरं. नाही लावत हात. तुम्ही येणार म्हणून आईंना सांगितलं तर त्यांनी मला तेल आणायला लावलं, केस विंचरून घेतले, अंबाडा बांधून घेतला. मी म्हटलं, आई, सणाला अजून वेळ आहे. म्हणाल्या, “मंग? ऐन वक्ताले विंचरू का?”

सोबत पाठवलेला मसुदाही मिळाला. नोव्हेंबरातल्या मेळाव्यात तुम्ही बोलणार, विषय ‘जीवनात पहिलं काय?’ आणि कोकिळेचं अक्षर सुरेख, तर तिनं पक्की प्रत करून पाठवावी. चार मुद्दे आहेत. पहिला देव. दुसरं देवाचं काम. तिसरं घर. चौथा आपण स्वतः. छान आहेत. वाचताना तुमचा आवाज ऐकू आला, ते बोटानं टेबलावर टकटक करणंसुद्धा. सवड झाली की लिहीन.

सवड कधी होणार ते मात्र विचारू नका. सकाळी त्यांना कुशीवर वळवायचं, खालचं काढायचं, धुवायचं, वाळत घालायचं. पावसाळ्यात वाळत नाही, मग चुलीवर धरून वाळवायचं. कण्या शिजवायच्या, भरवायच्या. परत कुशीवर वळवायचं. विहिरीवर गेले तरी कान घरात. राज्यांची हद्द कुठून जाणार यावर लोक चावडीवर भांडतायत म्हणे. माझी हद्द ठरलेली आहे, दारापासून विहिरीपर्यंत.

बुधवारा वस्तीतल्या बाया विचारत होत्या, पुस्तकवाली बाई येत कशी नाही. आठवतं ना, मी शुभवर्तमान वाचायला जायची तर दोन घरी दारातच उभं करायचे आणि तिसऱ्या घरी चहा मिळायचा. तेव्हा त्या उभं करण्याचा मला राग यायचा. आता वाटतं, कुणी दारात का होईना उभं करा, पण मला या घरातून बाहेर काढा. मी कोंडले आहे हो. हे तुम्हाला लिहायचं नव्हतं, पण लिहून गेले. खोडत नाही.

इथलं मानधन तुमच्याबरोबर गेलं आणि तिथलं अजून निघालं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. चालवते आहे. केळ्यांची एक फणी मिळाली होती, आईंनी पुरवून पुरवून खाल्ली. बाकी ठीक.

कोकिळा

बुऱ्हाणपूर, १७ सप्टेंबर

पाळकसाहेबांस सलाम.

‘केळी कोणी दिली?’ म्हणजे माझी पत्रं नीट वाचता तर! मग आई रोज काय विचारतात ते वाक्य तेवढं नजरेतून कसं सुटतं?

लपवणार होते, पण आता सांगतेच. तुमच्या मोठ्या भावानं दिली. उखर्डूभाऊजींनी. तुमच्या जसोंडी गावाहून केळीची गाडी इथं लालबागच्या स्टेशनावर आणतात, आगगाडीच्या वाघिणीत माल भरून झाला की परत जाताना आपल्या कुंपणाशी बैल थांबवतात. आत पाऊल टाकत नाहीत. जेठानं धाकट्या भावजयीशी बोलायची तुमच्यात रीत नाही, म्हणून ते बैलाला विचारतात, “काय रे ढवळ्या, माय जेवली का?” मी पदर डोक्यावर घेऊन कडुनिंबाला सांगते, “जेवल्या म्हणावं.” मग ते बैलाची शेपटी पिरगाळतात आणि जातात. फणी कुंपणावर राहते. तुम्ही म्हणाल, का घेतलीस? आईंना दात नाहीत म्हणून घेतली.

त्या माणसानं तुमच्या नावानं आंघोळ केली होती, मी विसरले नाही. तापीच्या पाण्यात तुमचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच दिवशी खालच्या घाटावर भाऊजींनी भाऊ मेला, माय मेली म्हणून डोक्यावरून पाणी घेतलं. जाऊबाईंनी मडकं फोडलं. मायसुद्धा मेली, कारण ती तुमच्या मागोमाग पाण्यात उतरली होती. मिशनच्या साहेबांनी विचारलं, तुझा विश्वास आहे का बाई, तर म्हणाली, “भिका जठे, तठे मी.” साहेब हसले आणि त्यांनी तिला पाण्यात बुडवलं. तिनं मोठा मुलगा, घर, शेत, गोतावळा सोडला तो देवासाठी की तुमच्यासाठी, हे मला आजवर समजलं नाही. तुम्ही कधी विचारलंत?

आणि मी कडुनिंबाला सांगते ते खरं नाही. आई जेवत नाहीत, पितात. कण्या इतक्या पातळ करते की वाटीच्या तळाचं फूल दिसतं. भूक लागली की त्या काही बोलत नाहीत, पदराचं टोक चोखत बसतात.

आणि हो, प्रभूच्या वाट्याला सोंडे लागलेत. काल झाकण काढलं तर दाणे हलताना दिसले. डबा गळ्यापर्यंत आलाय. चुलीच्या एका बाजूला पातेल्यात पाणी आणि दुसऱ्या बाजूला भरलेला डबा, मध्ये मी. तुमच्या हुकमावरून किड्यांना जेवू घालते आहे.

खांडव्याहून नव्या पाळकांचं कार्ड आलंय, हिंदीत. नवंबर के पहले सप्ताह में सपरिवार पहुँचेंगे, कृपया मकान खाली मिले. भला माणूस वाटतो, कृपया लिहिलंय. आईंना घेऊन मी कुठं जाऊ, तेवढं कळवा.

कोकिळा

बुऱ्हाणपूर, ९ ऑक्टोबर

तुमचं पत्र परवा आलं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचणार नाही.

कापणीच्या सणाला येणं जमणार नाही, कारण मेळाव्याची तयारी. घर अजून पाहायचं आहे, कारण मेळाव्याची तयारी. जसोंडीची पायरी चढायची नाही, ‘जिथं दगडाला शेंदूर फासतात तिथं माझ्या आईचा देह जाणार नाही.’ आणि शेवटी, ‘धीर धर, आधी देवाचं, मग घरचं, हा क्रम मोडू नकोस.’

आता मी काय केलं ते ऐका.

त्याच दुपारी मी अंगणात भांडी घासत होते. आतून आवाज आला. आई कधी ओरडत नाहीत, त्या दिवशी ओरडल्या. “भूक लागनी वं!” लहान पोरासारखं. मी राखेच्या हातानं आत धावले. पदराचं टोक चोखून चोखून फाटलं होतं. मला तुमचा इतका संताप आला की तुम्ही समोर असता तर राखेचं गाडगं तुमच्या पांढऱ्या झग्यावर फेकलं असतं. असता तर! तेवढ्यासाठीसुद्धा तुम्ही नाही आहात.

मी डबा उचलला आणि अंगणात सुपात पालथा केला. सोंडे पाखडले. दाणे उन्हात घातले, जात्यावर भरडले, आणि घट्ट, चमचा उभा राहील अशा कण्या शिजवल्या. गुळाचा खडा होता तो घातला. आईंनी वाटी संपवली, दुसरी संपवली. मग ओठ चाटत विचारलं, “कोनी धाडलं वं हे?”

मी म्हटलं, “प्रभूनं.”

म्हणाल्या, “भला मानूस हाय.”

मी चुलीसमोर बसून रडले. इतक्या वर्षांत, इतक्या उपासनांत, त्यांनी प्रभूबद्दल स्वतःहून काही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

तुम्ही रागवाल. रागवा. शास्त्र तुम्हीच मला शिकवलंत. आईबापाच्या तोंडचं काढून ‘हे देवाला वाहिलं’ म्हणणाऱ्यांना प्रभूनं काय सुनावलं, तो उतारा कुठं आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. मी क्रम मोडला नाही. पहिली मूठ प्रभूचीच आहे. प्रभूचं तोंड कुठं आहे ते मला उशिरा दिसलं, एवढंच.

कोकिळा

जसोंडी, २६ ऑक्टोबर

वरचं गावाचं नाव वाचलंत ना? बरोबर वाचलंत.

मागच्या आठवड्यात कुंपणाशी गाडी थांबली. भाऊजींनी नेहमीप्रमाणे बैलाला विचारलं. या वेळी मी कडुनिंबाकडे वळले नाही. पदर डोक्यावर होता, पण सरळ त्यांच्याकडे पाहून म्हटलं, “भाऊजी, माय पोटभर जेवत नाही. मी खोटं सांगत होते. हे घर हातचं चाललंय आणि तुमचा भाऊ येत नाही.” त्यांनी मान खाली घातली, बैल हाकलला आणि गेले. फणीसुद्धा ठेवली नाही. मला वाटलं, संपलं. आता हेही दार गेलं. त्या दिवशी मी प्रार्थना केली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी परत आली. गाडीत कडबा, त्यावर गादी, गादीवर मनकर्णाजाऊबाई. त्या उतरल्या आणि इकडेतिकडे न बघता सरळ आत आल्या. आईंना पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. “अगं माय वं! काय हाल झाये हे!” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तोंड शिवेल होतं का तुनं? पहिले सांगता नई उनं?” मी म्हटलं, “तुम्ही मडकं फोडलं होतंत.” त्या म्हणाल्या, “फोडेल व्हतं. दुसरं आनलं.”

भाऊजी मात्र उंबऱ्याबाहेर उभे. गावचे लोक पुढं काय म्हणतील, भावकी वाळीत टाकेल की काय, हे सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आईंनी उजवा हात त्या दिशेला उचलला. तसे ते आत आले आणि खाली वाकून त्यांनी आईंना पोत्यासारखं नाही, पाळण्यातल्या पोरासारखं उचललं. मी विचारलं, “भाऊजी, आंघोळ केली होती ना तुम्ही?”

ते आईंकडे बघूनच बोलले, “मरेल माय परत भेटनी. आता आनंद करू का इटाळ धरू?”

हेच, जवळजवळ याच शब्दांत, उधळ्या पुत्राच्या गोष्टीत तुम्ही किती रविवारी व्यासपीठावरून सांगितलंय, आणि समोरच्या बाकावर बसून मी किती वेळा डोळे पुसलेत.

इथं सगळं गोड आहे असं समजू नका. जाऊबाईंनी माझा तांब्या वेगळा ठेवलाय. पाण्याच्या माठाला मी हात लावला की त्या काही म्हणत नाहीत, पण नजर माझ्या हातावर असते. बाया मला बघायला येतात, पाच पायांच्या गायीला बघतात तशा. संध्याकाळी देवापुढे दिवा लागतो तेव्हा मी उठून गोठ्यात जाते आणि ढवळ्याशेजारी गुडघे टेकते. गोठ्यात प्रार्थना करायची आपल्या माणसाला लाज कसली! घर बदललं, पण कोंडणं तेच आहे. फक्त इथं आईंचं ताट सगळ्यांच्या आधी वाढलं जातं, म्हणून तांब्याचा राग मी गिळते.

डबा बरोबर आणलाय. सकाळी पहिली मूठ मी त्यात घालते. जाऊबाईंनी विचारलं, हे काय? सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्यात आपलीही मूठ घालायला सुरुवात केली. म्हणतात, “तुना देवले एकटीनी मूठ कशी पुरी?” आईंच्या कण्या त्यातूनच होतात.

कोकिळा

जसोंडी, ११ नोव्हेंबर

पाळकसाहेबांस सलाम.

तुमच्या प्रवचनाची पक्की प्रत सोबत आहे. मेळावा पुढच्या रविवारी, वेळेवर पोचेल. काना-मात्रा तपासली आहे. चारही मुद्दे जसेच्या तसे लिहिलेत, माझ्या पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

तुमचं शेवटचं पत्र फार कडक होतं. ‘तू माझी साक्ष घालवलीस, मंडळी मला काय म्हणेल?’ विचार केला. गोठ्यात बसून केला, रागात नाही. तुमच्या कागदावर पहिला देव आहे आणि दुसरं देवाचं काम. तुम्हाला वाटतं तुम्ही तसंच जगताय. मला तसं दिसत नाही. पहिलं तुमचं काम आहे, आणि त्याच्या अंगावर तुम्ही देवाचा झगा चढवलाय. त्यामुळे त्याला कुणी मागं सरक म्हणू शकत नाही. मीसुद्धा नाही म्हटलं इतके दिवस. मी डबा राखत बसले आणि माणूस उपाशी ठेवला, म्हणजे मीही तुमचीच शिष्या.

देव पहिलाच. त्यात माझा वाद नाही. पण तो अकोल्यातच भेटतो आणि आईच्या खाटेपाशी भेटत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

साक्षीचं म्हणाल तर इथं रविवारी मी ओसरीवर बसून एकटीच गीत म्हणते. जाऊबाई कापूस निवडत ऐकतात. मागच्या रविवारी म्हणाल्या, ते मागचं म्हन ना, बरं व्हतं. एवढीच मंडळी आहे माझी. दिवाळीला सगळ्या घरांना दिवे लागले, तेव्हा मी आईंच्या उशाशी एक लावला. तुम्हाला रुचणार नाही. त्यांना उजेडात जेवायला आवडतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

आई आता विचारत नाहीत. इथं आल्यावरही रोज विचारायच्या, बैल हंबरला तरी विचारायच्या. परवा सकाळी भाऊजी कण्यांची वाटी घेऊन त्यांच्याजवळ बसले. मी चुलीपाशी होते. आईंनी उजवा हात त्यांच्या तोंडावरून फिरवला, गालावरून, मिशांवरून, आणि म्हणाल्या, “भिका, उना का रे?”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. या घरात आल्यापासून पहिल्यांदा सरळ पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनाही चाळीस वर्षं त्याच माऊलीनं उखर्डू म्हणून हाक मारली होती. मग त्यांनी घास उचलला आणि म्हणाले, “हाव माय, उनू.”

तेव्हापासून रोज तेच. त्या “भिका” म्हणतात, ते “हाव माय” म्हणतात, आणि त्या पोटभर जेवतात. फाटकाकडे मान वळायची थांबली. मी जाऊबाईंना विचारलं, खरं सांगू या का आईंना? त्या म्हणाल्या, “सांगशी, पन तेन्हा बदले दुसरा भिका कोठून आनशी?”

तर तुमचं नाव सध्या तुमच्या मोठ्या भावाकडे आहे. त्यांनी ते हिसकावलेलं नाही. तुम्ही दारात उभे राहिलात तर त्याच क्षणी उठून जागा देतील, तसा माणूस आहे. पण आईंचा हात गालावर फिरून ओळखेल असा किती दिवस राहील, ते मला सांगता येत नाही.

केळीची गाडी लालबागहून रिकामी परतते. उतरलात तर जागा आहे.

तुमची,
कोकिळा